तेरणाकाठच्या तीन लिपी आणि वाचकाची बुद्धी

वाचनाने बुद्धी वाढते, हे विधान आपल्याकडे इतक्या सहजतेने केले जाते की त्याला पुरावा मागणे हेच अनेकांना चमत्कारिक वाटावे. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाच्या आरंभीच विद्येच्या अभावापासून मतीच्या ऱ्हासापर्यंत, आणि तेथून पुढे शूद्रांच्या दैन्यापर्यंत कारणांची एक साखळी जोडून दाखविली. त्या साखळीतील पहिला दुवा तेव्हापासून मराठी मनात इतका दृढ झाला आहे की तो तपासून पाहण्याची आवश्यकता कोणास फारशी भासली नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र थोडे थांबावे लागते. कोणते वाचन? कोणत्या लिपीतील, कोणत्या प्रयोजनासाठी केलेले? आणि बुद्धी वाढली, असे कोणी, कशावरून ठरविले?

हे प्रश्न सर्वसामान्य पातळीवर चर्चिण्यापेक्षा एखाद्या मर्यादित भूभागावर लावून पाहणे श्रेयस्कर, या हेतूने प्रस्तुत लेखात धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी आणि तिच्या आसपासचा तेरणाकाठ दृष्टीपुढे ठेवला आहे. माकणीचे नाव आज बाहेरच्या माणसास ठाऊक असते ते निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळे, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाच्या संदर्भात. आपणांस प्रयोजन आहे ते त्यापूर्वीच्या काळाशी. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच्या पश्चिमेस सोलापूर हा इंग्रजी अमलातील जिल्हा, आणि दक्षिणेस कन्नड भाषेचा प्रदेश. अशा सीमावर्ती भागात वाचनाचा इतिहास एकपदरी असणे शक्यच नव्हते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत या पट्ट्यातील 'वाचता येणारा' मनुष्य म्हणजे एकच एक प्रकारचा मनुष्य नव्हे, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. गावचा पटवारी आणि दुकानदार मोडी वाचीत. पोथी वाचणारा बाळबोध वाचीत असे. तालुक्याच्या कचेरीत, न्यायालयात आणि प्राथमिक इयत्तांच्या वरील सरकारी शाळेत कारभार उर्दूचा. एखाद्या चतुर गृहस्थास या तिन्ही लिपी येत असत, पण बहुतेकांना आली तर एकच येई. १९११ च्या खानेसुमारीपासून साक्षरतेची कसोटी ठरली ती मित्रास पत्र लिहिता येणे आणि त्याचे उत्तर वाचता येणे ही. कसोटी म्हणून ती वाजवी होती. परंतु पोथीचे अध्यायच्या अध्याय अस्खलित वाचणारा पण आयुष्यात एकही पत्र न लिहिलेला गृहस्थ तिच्या आत बसतो की बाहेर, हे गणना करणाऱ्याच्या मर्जीवर राहिले असणार.

या तीन लिपी वाचकाच्या मनाकडून तीन निरनिराळी कामे करवून घेतात. येथे थोडे तपशिलात शिरणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे.

मोडी ही हात न उचलता, आधी ओढलेल्या रेघेला धरून झरझर लिहावयाची लिपी. तिच्यात इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही, शब्द एकमेकांस लागून येतात, आणि काही अक्षरांची वळणे परस्परांच्या इतकी जवळ जातात की नवख्याची फसगत व्हावी. त्यामुळे मोडी वाचणाऱ्यास मजकुराचा अंदाज आधी असावा लागतो. खताचा मायना, पावतीचा साचा, पिकांची, जमिनींची आणि माणसांची नावे ठाऊक असतील तर मोडी वाचता येते. ती ठाऊक नसतील तर अक्षर ओळखीचे असूनही वाक्य लागत नाही. पुराभिलेखागारात मोडी कागदांवर काम केलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना हा अनुभव सांगावयास नको.

उर्दूचीही गोष्ट एका अर्थाने हीच आहे. ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहिले जात नाहीत, म्हणून शब्द आधीच परिचयाचा असल्यावाचून त्याचा उच्चार निश्चित होत नाही. बाळबोधाची रीत याच्या अगदी उलट. उच्चारावे तसे लिहिलेले असल्यामुळे अर्थाचा गंधही नसलेला संस्कृत श्लोक बाळबोध जाणणारा मुलगा धडाधड म्हणून दाखवू शकतो. तात्पर्य, मोडी आणि उर्दू यांत समजल्याशिवाय वाचता येत नाही, तर बाळबोधात न समजताही वाचता येते. वाचनाने बुद्धीला व्यायाम घडतो असे आपण म्हणतो, तेव्हा हा व्यायाम कोणत्या स्नायूचा, हे लिपीगणिक बदलते.

बाळबोधाच्या वाचनाला आपल्या परंपरेने एक वेगळीच जोड दिली होती. समर्थांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे. बाळबोध अक्षर घोटून सुंदर कसे करावे, याचे त्यात बारकाईने निरूपण येते. अक्षर नीट असावे ते दुसऱ्यास वाचता यावे म्हणून, आणि वाचावयाचे ते पुष्कळदा अनेकांना ऐकू जावे म्हणून. श्रावणात देवळात किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर श्रीधरकवींचा 'हरिविजय' (१७०२), 'पांडवप्रताप' (१७१२) किंवा 'शिवलीलामृत' (१७१८) लागे. एकजण वाची, दुसरा अर्थ सांगे, बाकीचे ऐकत. ऐकणाऱ्यांत निरक्षर बहुसंख्य असत, आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ. वर्षानुवर्षे ऐकून त्यांना कथानकच काय, ओव्यांचे चरणही मुखोद्गत होत. वाचणारा अडखळला तर श्रोत्यांतूनच पुढचा शब्द येई. अशा वेळी वाचणाऱ्याची स्मृती श्रेष्ठ की ऐकणाऱ्याची, असा प्रश्न ज्याला पडला नसेल त्याने पोथी लागलेली पाहिली नसावी. अर्थात या ओसरीवर सर्वांना जागा नव्हती. ज्या जातींना देवळाची पायरी बंद होती त्यांना पोथीही दुरून ऐकावी लागे, किंवा ऐकावयास मिळतच नसे. श्रवणाची ही संस्था रम्य मानणाऱ्यांनी तिचा हा भाग वगळू नये.

मोडीचा प्रश्न याहून कठोर होता, कारण तेथे न वाचता येण्याची किंमत जमिनीच्या रूपाने मोजावी लागे. या बाबतीत उत्तम पुरावा उपलब्ध आहे तो इंग्रजी मुलखातील. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांवर चाल केली, तेव्हा त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते, रोखे आणि वह्या त्यांनी हिसकावून घेऊन जाळल्या. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगापुढे जी गाऱ्हाणी आली त्यांत आपण कशावर निशाणी केली हेच आपणांस ठाऊक नव्हते, ही एक प्रमुख होती. त्यानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने शेतकऱ्याच्या दस्तऐवजासाठी ग्राम-निबंधकाची योजना केली आणि दस्त लिहून घेणाऱ्यास तो मोठ्याने वाचून दाखविण्याचा दंडक घातला. कायद्याने शेतकऱ्याला वाचावयास शिकविले नाही, त्याच्यासाठी वाचणारा माणूस उभा केला. सोलापूरच्या सीमेपाशी या कायद्याचा अंमल संपत असे. माकणीच्या बाजूला त्याचा काही उपयोग नव्हता.

या इतिहासावरून एक गोष्ट ध्यानात येते. ज्याला आपण 'अडाणी शेतकऱ्याची मंदबुद्धी' म्हणत आलो, तिचा बराचसा भाग बुद्धीचा नव्हताच. जमिनीचा पोत, पावसाचा रंग, बैलाचे वय आणि शेजाऱ्याचा स्वभाव अचूक जाणणारा माणूस कागदापुढे गोंधळून जाई, एवढ्यावरून त्याच्या संपूर्ण मतीचा निवाडा केला गेला. हा निवाडा करणारे वाचते लोक होते, हे विसरता येत नाही.

उर्दूच्या बाबतीत न्याय करणे अधिक अवघड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दशकांत हैदराबाद राज्यात फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून देण्यास प्रारंभ केला. देशी भाषेतून आधुनिक शास्त्रे शिकविण्याचा हा प्रयोग स्वतंत्रपणे पाहिला असता मोलाचा होता. त्यासाठी भाषांतरसंस्था उभी राहिली आणि गणितापासून वैद्यकापर्यंतचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. निलंगा येथे १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा इतिहासकार मराठी, फारसी व उर्दू या तिन्ही भाषांतील साधने लीलया हाताळू शकला, याला या राज्यातील भाषिक परिस्थिती कारण झाली हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याच्या घरी उर्दूचा वावर नाही अशा कुणब्याच्या मुलाची अवस्था निराळी होती. वर सांगितल्याप्रमाणे त्या लिपीत शब्द वाचण्यासाठी तो आधी ठाऊक असावा लागतो, आणि या मुलाला शब्दच ठाऊक नव्हता. त्याच्या डोक्यावर दुहेरी ओझे पडले. शाळा सोडून गेलेल्या अशा मुलांची गणना बुद्धीने कमी पडलेल्यांत झाली असल्यास नवल नाही.

याच परिस्थितीचे उत्तर म्हणून १९२१ साली हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. हिप्परगा हे गाव आज माकणीच्याच तालुक्यात मोडते. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या शाळेचे माध्यम मराठी होते. १९२९ मध्ये व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तेथे आले, तेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ. १९३५ मध्ये ते आंबेजोगाईस गेले. खाजगी शाळांवर १९२४ पासून परवानगीचे निर्बंध आलेले, सभांवर गश्ती क्रमांक ५३ ची छाया, अशा काळात एका आडगावी मराठीतून शिकविणारी शाळा चालविणे म्हणजे राजकारण न करताही राजकारणच होते. या शाळेच्या इतिहासात आजवर मुक्तिसंग्रामाच्या दृष्टीनेच लक्ष घातले गेले, आणि ते स्वाभाविकही आहे. प्रस्तुत लेखकास मात्र तिचे दुसरे महत्त्व अधिक वाटते. पोथीच्या बाळबोध लिपीत इतिहास, भूगोल आणि वर्तमान वाचावयास मिळणे, म्हणजे न समजताही वाचता येणाऱ्या लिपीत समजण्यासाठी वाचणे, हा या भागातील वाचकाच्या मनात घडलेला मोठा पालट होय. परभणीचे गणेश वाचनालय, औरंगाबादचे बलवंत वाचनालय यांसारख्या संस्थांनी नगरांतून जे कार्य केले, त्याला खेड्याच्या पातळीवर जवळचे असे उदाहरण हे.

आता बुद्धिवृद्धीच्या पुराव्याकडे वळू. १९३१-३२ साली रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी उझबेकिस्तानात निरक्षर शेतकरी आणि थोडेसे शिकलेले शेतकरी यांची तुलना केली. उत्तरेस जेथे बर्फ असते तेथील सर्व अस्वले पांढरी, अमुक गाव उत्तरेस आहे, तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची? या प्रश्नावर निरक्षर शेतकऱ्यांचे उत्तर साधारणतः असे की आपण तेथे गेलो नाही, न पाहिलेल्याविषयी काय सांगावे. अल्पकाळ शिकलेले मात्र नेमके उत्तर देत. लुरियांनी यातून साक्षरता व सामूहिक जीवन यांमुळे विचाराची पद्धतीच बदलते असा निष्कर्ष काढला. त्यांचे पुस्तक प्रसिद्ध व्हावयास १९७४ साल उजाडले, यावरून त्या निष्कर्षांची राजकीय नाजूकता कळून येते. तेरणाकाठच्या शेतकऱ्यानेही असेच उत्तर दिले असते असे मला वाटते, आणि न पाहिलेल्या कागदावर निशाणी करून फसलेल्या माणसाला ते उत्तर शहाणपणाचेच वाटले असते.

लुरियांच्या तुलनेत वाचन आणि शाळा एकमेकांत मिसळलेली होती. ती वेगळी करून पाहण्याचा मार्ग स्क्रिब्नर आणि कोल यांना लायबेरियातील वाई लोकांमध्ये सापडला. त्यांचा ग्रंथ १९८१ चा. वाईंची स्वतःची लिपी घरीच, शाळेशिवाय, पत्रे व हिशेब यांसाठी शिकली जाई. कुराणपठणासाठी अरबी होती, आणि सरकारी शाळेत इंग्रजी. आमच्या मोडी, बाळबोध व उर्दूशी याचे साम्य वाचकांच्या लक्षात आलेच असेल. निष्कर्ष असा निघाला की घरी शिकलेल्या लिपीमुळे बुद्धी सर्वांगांनी वाढल्याचे दिसत नाही. ज्या कामासाठी ती लिपी वापरली जाते त्या कामातले कौशल्य तेवढे वाढते. पत्रे लिहिणारे वाई लोक समोर नसलेल्या माणसास एखादी गोष्ट नीट समजावून देण्यात सरस ठरले, तर कुराण पाठ करणारे क्रमाने वाढत जाणारी यादी लक्षात ठेवण्यात. अमूर्त तर्काची उत्तरे देण्यात आणि त्यांची कारणे सांगण्यात शाळेत गेलेले पुढे होते. हा ग्रंथ मराठी इतिहासाच्या अभ्यासकांनी जितका वाचावयास हवा होता तितका वाचला नाही, असे माझे मत आहे.

अलीकडील मेंदूविषयक संशोधनाने या चित्रात भर घातली आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून त्यांच्या मेंदूच्या तपासण्या केल्या गेल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, दृष्टीशी संबंधित अशा मेंदूच्या खोल भागांतील परस्परसंबंध बदलल्याचे नोंदविले आहे. म्हणजे पिकल्या वयातही मेंदू नव्या अक्षराला जागा करून देतो. त्याआधी २०१२ मध्ये अलाहाबाद येथे मिश्र, ह्यूटिग आणि त्यांचे सहकारी यांनी आणखी एक लक्षणीय गोष्ट दाखविली. हिंदी वाक्य कानावर पडत असता उच्चशिक्षित श्रोत्यांची नजर, नाम उच्चारले जाण्यापूर्वीच, येऊ घातलेल्या वस्तूच्या चित्राकडे वळते. अल्पशिक्षितांची नजर शब्द ऐकल्यावरच वळते. वाचनाचा सराव ऐकण्यालाही बदलतो, असा याचा अर्थ लावता येईल. परंतु तुलना विद्यापीठातील विद्यार्थी आणि अवघी दोन-तीन वर्षे शाळेत गेलेले लोक यांची होती, तेव्हा येथेही शाळा आणि वाचन यांची गाठ पुरती सुटलेली नाही. आणि पोथीतला पुढचा शब्द वाचणाऱ्याच्या आधी उच्चारणाऱ्या आमच्या निरक्षर श्रोत्यांचे काय, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

याहून अडचणीचा पुरावा हैदराबादचाच आहे. डॉ. सुवर्णा अल्लादी व सहकारी यांनी २०१३ साली स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरीने सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसू लागला, आणि हा फरक निरक्षरांतही आढळला. घरी मराठी, बाजारात दखनी आणि सोयरिकीत कन्नड बोलणारा लोहारा-उमरगा भागातील माणूस एकही अक्षर न गिरवता बुद्धीचा असा साठा करीत आला असणार. शिकागो येथील वृद्धांच्या दीर्घकालीन अभ्यासात (२०१३) वाचनादी बौद्धिक सवयी असणाऱ्यांची स्मृती उतारवयात सावकाश क्षीण होते असे आढळले, हेही येथे नोंदविले पाहिजे. दोन्ही निष्कर्ष एकमेकांस छेद देत नाहीत. वाचन हा बुद्धी राखण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे, इतकेच त्यांवरून निघते.

मराठी मुलखात बुद्धीचे मापन करण्याचे आरंभीचे मोठे काम म्हणजे धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिने-कसोटीचे केलेले मराठी व कानडी रूपांतर. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. ते मुलांच्या मापनासाठी होते, आपला प्रश्न प्रौढांचा आहे. प्रौढांची सर्वांत मोठी कसोटी घेतली गेली ती १९५९ पासून सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या आणि पुढे राज्यभर पसरलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत. कोरेगाव तालुक्यातील मंगळापूर हे पहिले साक्षर गाव. काही महिन्यांच्या वर्गानंतर गाव पूर्ण साक्षर झाले म्हणजे ग्रामदेवतेसमोर नवसाक्षर प्रतिज्ञा करीत आणि ग्रामगौरव समारंभ होई. मोहिमेचे संघटन विलक्षण होते यात शंका नाही. पण मोजले काय? अक्षरे आली की नाहीत, सही करता येते की नाही, हे मोजले. मनात काय पालटले, याची नोंद घेण्याची योजना नव्हती, आणि वाचावयास पुस्तक नसल्यामुळे पुष्कळजण शिकलेले विसरले. ज्या मुलखात लिपीमागोमाग तिचा उपयोग पोचला नाही तेथे अक्षर टिकले नाही, हा वाईंच्या उदाहरणाचाच मराठी पडताळा म्हणावयास हरकत नाही.

हैदराबाद राज्याने १९५५ साली आणि महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तेव्हा ही उणीव भरून काढण्याचे साधन हाती आले. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७८ टक्के भरली. तो आकडा पाहून समाधान मानणाऱ्यांना मी इतकेच विचारीन की उरलेल्यांत साठीच्या पुढल्या स्त्रिया किती, आणि त्यांपैकी किती जणींना 'शिवलीलामृत' पाठ येते, हे कोणी नोंदविले आहे काय?

माकणी परिसरात हे काम करावयाचे झाल्यास साधने मोजकीच आहेत. दगडमातीच्या जुन्या वाड्यांतील दफ्तरे आणि पोथ्या १९९३ च्या ढिगाऱ्यांत किती गेल्या याची गणती नाही. जे उरले आहे त्यात पटवाऱ्यांच्या घरची मोडी कागदपत्रे, जुन्या शाळांची दाखल-खारिजाची पुस्तके आणि वापरून पाने काळवंडलेल्या पोथ्या आहेत. पोथीचे कोणते पान अधिक काळवंडले आहे, कोठे खूण म्हणून दोरा किंवा मोरपीस ठेवलेले आहे, कोणत्या अध्यायाच्या समासात कोणी बोरूने कठीण शब्दाचा अर्थ लिहून ठेवला आहे, हे पाहणारा विद्यार्थी आमच्या विभागास हवा आहे. समासात लिहिलेला तो अर्थ म्हणजे न समजता वाचणे कोणीतरी थांबविल्याची खूण. ती कोणत्या सालापासून आणि कोणाच्या घरी दिसू लागते, येथून आरंभ करता येईल. ज्या वृद्ध स्त्रिया वाचीत नसत पण पुढचा शब्द सांगत, त्यांच्यापाशी मात्र ध्वनिमुद्रक घेऊन आजच गेले पाहिजे. कागद आणखी काही वर्षे थांबतील.